माझ्या नावाने चाललेला उपाय

गाव सोडलं त्या दिवशी अख्खं गाव निरोप द्यायला आलं होतं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. आला एकटा शंकरभाऊ, माझा थोरला भाऊ, आणि तोही आम्ही खरंच जातो की नाही ते बघायला. गोंडपिपरीच्या रस्त्यावरचा आमचा फाटा, सकाळची वेळ. माझ्या तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, कारण समोरचे दोन दात तीन दिवसांपूर्वी गेले होते. ते ज्याच्या दांड्याने गेले तो शंकरभाऊच माझ्या शेजारी उभा राहून बस कुठवर आली ते बघत होता. बायको, सुनंदा, त्याच्याकडे पाठ करून उभी. तिच्या कडेवर आमची मंजू, साडेतीन वर्षांची, मान अजून न सावरणारी. सामान म्हणजे एक ट्रंक, एक बोचकं आणि माझा बांबू फोडायचा कोयता. नागपुरात बांबू कुठून येणार याचा विचार मी केला नव्हता. विचार करणं हा माझा धंदा कधीच नव्हता.

बस आली तसा भाऊ म्हणाला, "पोट्टीले जपजो." मग माझ्या टॉवेलाकडे बघून, "हयद लावजो त्याले."

खिडकीतून मी त्याला असं काही सुनावणार होतो की जन्मभर आठवलं असतं. पण दातांच्या जागेतून नुसती फुसफूस निघाली. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, तिकीट कुठलं पायजे ते सांगा, शिव्या मंग द्या."

याला पंधरा वर्षं झाली. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, हे सगळं आता का उकरतोय ते आधी सांगतो. चार महिन्यांपूर्वी शंकरभाऊचा फोन आला. एवढ्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे कोण मेलं आणि धान किती झालं. या वेळी आवाज निराळा होता.

"मधू, आपल्या लक्ष्मीचं तुह्या मंजूसारखंच हाये." लक्ष्मी म्हणजे त्याची नात. "दहा महिन्याची झाली, मान धरत नाई. पाय कैचीसारखे एकावर एक चढतेत. पन तू घोर नोको करू. तुहाच उपाय चालू केला."

"माझा कोणता उपाय?"

"अबे, बांबूचा! गावात तीन लेकरांले केला लोकायनं. सारे मधूचा उपायच म्हंतेत. आन् सोमवारी पुजारीबी येऊन राह्यला. कोन केलं ते पाहा लागंन का नाई?"

फोन माझ्या हातात होता. समोर मंजू व्हीलचेअरवर बसून एका बोटाने काही टाइप करत होती. मला वाटलं, मी मागे सोडून आलो ते गाव नव्हतंच. ते काहीतरी जिवंत होतं आणि मी गेल्यावर वाढत होतं.

आता उपाय काय ते सांगतो. आम्ही बुरड. सुपं, टोपल्या, ताटवे हे आमचं जगणं. हिरवा बांबू वाकडा निघाला तर त्याला जाळावर फिरवतात. त्याला घाम फुटला की खाचेत दाबतात, सरळ झाला की बांधून गार होऊ देतात. मग तो सहसा वाकत नाही. या कामात माझा हात चांगला होता. दुसरं काहीच चांगलं नव्हतं म्हणून हे जास्त सांगतो.

मंजू दोन वर्षांची झाली तरी बसत नव्हती. हात लावला की तिचे पाय ताठ व्हायचे आणि एकमेकांवर चढायचे. मी बांबूच्या कामट्या गरम केल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि तिच्या मांड्यांपासून घोट्यापर्यंत बांधल्या. ती जितकी ताठली तितकं मी आवळलं. तिचा आवाज बसेपर्यंत ती ओरडली, आणि आवाज बसला तेव्हा मला वाटलं, चला, गुण येतोय. शंकरभाऊ विचारायचा, "सोडू का रे?" मी म्हणायचो, "घाईनं नोको सोडू. गार व्हाचं हाये अजून." गुडघ्यांमागची कातडी फडक्याला चिकटून निघाली. सुनंदाने सोडवायला हात घातला तर मी तिच्या थोबाडीत दिली. तिने उलथन्याने माझं कपाळ फोडलं. ती खूण अजून आहे. नागपुरात कोणी विचारलं तर मी वाघाची म्हणून सांगतो. चंद्रपूरकडचा माणूस म्हटलं की लोक वाघावर लगेच विश्वास ठेवतात.

ते बांधणं तोडलं सायत्राबाईने. आमच्या दोन घरं पलीकडे राहणारी सुईण, साठीची विधवा. गावातली अर्धी पोरं तिच्या हातची. मंजूच्या वेळी सुनंदा दोन दिवस अडली होती, नाल्याला पूर होता, गाडी येईना. पोरगी निळी पडून जन्मली, रडली नाही. सायत्राबाईने तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. एकदा नाही, कितीतरी वेळ. दाराच्या फटीतून मी एकट्याने ते पाहिलं होतं. मग कुठे मंजू मांजरीच्या पिलासारखी कुरकुरली.

तर ती सायत्राबाई विळा घेऊन घरात शिरली आणि तिने सगळ्या गाठी कापल्या. मला म्हणाली, "मेल्या, तुह्या हाताले घाई हाये. लेकराचं आंग घाईले भेते." तिने मंजूला मांडीवर घेतलं, कमरेत हलकेच वाकवलं आणि नुसती बसून राहिली. करत काहीच नव्हती, थांबत होती. हळूहळू पाय सैल झाले. मग तिने मंजूला सुनंदाच्या कडेवर दिलं, एक पाय पुढे, एक पाय मागे. "पाळण्यात आडवी नोको टाकू. अशीच घेऊन हिंडत जाय. आन् निजवून पेज नोको पाजू, ठसका लागते."

मला राग आला. कारागिराला कारागिरी शिकवलेली आवडत नाही, आणि ती बाई असली तर अजिबात नाही.

पुढच्या हिवाळ्यात, धान निघाल्यावर, शंकरभाऊने दुसऱ्या गावाहून पुजारी आणला. त्याने सुपात तांदूळ फिरवले, डोळे मिटले आणि मला विचारलं, "पोरीले पयल्यांदा कोनाचं तोंड लागलं?"

इथे मी थांबतो, कारण हे त्या फोनपर्यंत मी सुनंदाशिवाय कुणाला बोललो नव्हतो. पुजाऱ्याला काहीही ठाऊक नव्हतं. त्याने अंधारात दगड फेकला होता. मी म्हणालो, "सायत्राबाईनं फुकलं होतं तिच्या तोंडात." ज्या फुंकरीने माझी पोरगी जगली, ती मी माझ्या तोंडाने त्याच्या हातात दिली.

करणी तिचीच, असं त्याने ठरवलं, आणि पुढचं अर्ध्या तासात झालं. भर दुपार. सायत्राबाईला घरातून केसांना धरून ओढत आणलं. चौकातल्या लाइटच्या खांबाला बसवून तिचे हात मागे बांधले. कोणी तिच्या तोंडात माती कोंबली, फुंकते म्हणून. ज्यांना तिने जन्माला घातलं ते होते, त्यांच्या आया होत्या. शंकरभाऊने माझ्या हातात दांडा दिला.

"बाप तू हायेस. पयला तुहा."

मला शूर माणूस म्हणून कधी कोणी ओळखलं नाही. पण नाही म्हणायला किती लागतं? मी मारला. उजव्या खांद्यावर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडातली माती थुंकली. मग सगळेच तुटून पडले. हाड मोडल्याचा आवाज बांबू फुटल्यासारखा नसतो. तो ओला असतो.

सुनंदा कुठून आली मला दिसलं नाही. ती गर्दीतून आत घुसली, मंजूला तिने सायत्राबाईच्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, "आता मारा कोन मारते ते." आणि बाजूला झाली. दांडे थांबले, पण सगळे नाही. एक आधीच वर गेलेला होता.

सुनंदा सगळ्यांना सांगते की मी मध्ये पडलो. तिचा मोठेपणा. मी पोरीला उचलायला वाकलो एवढंच, आणि शंकरभाऊचा दांडा माझ्या तोंडावर आला. भाऊ रक्त बघून घाबरला, गर्दी पांगली. सायत्राबाईचा हात दोन जागी मोडला होता.

पोलीस आले. कोणी काही पाहिलेलं नव्हतं. मी सांगितलं की झाडावरून पडलो. शिपाई म्हणाला, "तोंडावर पडले?" मी हो म्हटलं. खरं तर त्या दिवसात मी तेवढीच एक खरी गोष्ट बोललो. सायत्राबाईला तिच्या मुलाने सिरोंच्याकडून नदीपार तेलंगणात नेलं. आणि सुनंदा मला म्हणाली, "मी पोरीले घेऊन नागपूरले जाऊन राह्यली. याचं असंन तर ये."

म्हणजे आम्ही स्थलांतर केलं असं मी चारचौघांत म्हणतो, पण केलं सुनंदाने. मी सामान उचललं.

नागपुरात सुरुवातीला मला भाषा येत नाही असं वाटायचं. मराठीच होती, पण त्यात फिजिओथेरपी, स्प्लिंट, स्ट्रेचिंग, फॉलो-अप. मांडव-डेकोरेशनवाल्याकडे बांबू बांधायला लागलो. गावात धान्य भरायच्या कणग्या करणारा मी, इथे नवरदेवाच्या खुर्चीमागे बदामाचा आकार करू लागलो. मंजूच्या आजाराचं नाव पहिल्यांदा कळलं: सेरेब्रल पाल्सी. मी महिनाभर ते पाठ करत होतो, आणि जीभ पुढच्या दोन दातांच्या भोकात अडकत होती.

डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारला, "कोणामुळे झालं?" ते वयस्कर होते, शांत. म्हणाले, "जन्माच्या वेळी मेंदूला काही वेळ हवा मिळाली नाही. इजा मेंदूला आहे, पाय चांगलेच आहेत. मेंदू चुकीचे निरोप पाठवतो, म्हणून स्नायू ताठतात. ही इजा वाढणार नाही, आणि पुसलीही जाणार नाही. ओढाल, घाबरवाल, तितके पाय ताठ होतील." मग कागद बघत म्हणाले, "घरी जन्मली? मग कोणीतरी तोंडाने श्वास दिला असेल. नाहीतर ही आज इथे नसती."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

थेरपीवाल्या मॅडम तरुण होत्या. सुनंदाच्या कडेवर मंजूला बघून म्हणाल्या, "वा! पाय असे वेगळे राहिले पाहिजेत. हे कुणी शिकवलं?"

"आमच्या गावची बाई होती एक," सुनंदा म्हणाली.

"अनुभवी असणार. त्यांना एकदा घेऊन या ना."

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

खरी शिक्षा पुढे होती. मी जवळ गेलो की मंजू लाकूड व्हायची. आईच्या मांडीवर लोण्यासारखी असलेली पोरगी माझ्या चपलांच्या आवाजाने ताठायची. तिला माझा चेहरा आठवत होता की हात, कोण जाणे. मॅडम म्हणाल्या, काही करू नका, जवळ बसा. मी बसलो. रोज कामावरून येऊन तासभर, देवळाबाहेरच्या नंदीसारखा. एकदा धीर करून पायाला हात लावला तर तिच्या पायाला झटका आला आणि टाच थेट माझ्या उरलेल्या दातांवर. मॅडम म्हणाल्या, "तिने मुद्दाम नाही केलं हो, स्पॅझम आहे." मंजू मात्र हसत होती. चार वर्षांची पोर, हनुवटीवरून लाळ गळतेय आणि खदखदून हसतेय. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हिला सगळं कळतं. तोवर मी तिच्यासमोर तिच्याबद्दल, ती भिंत असल्यासारखं बोलत आलो होतो.

तिचा पाय माझ्या हातात सैल पडायला अकरा महिने लागले. मी मोजले नव्हते, सुनंदाने सांगितलं.

आता मंजू एकोणीस वर्षांची आहे. चालत नाही. मुक्त विद्यापीठातून बीए करते, आणि थेरपीच्या केंद्रावर येणाऱ्या नव्या आयांना काय करावं, काय करू नये ते फोनवर टाइप करून पाठवते. बोलायला तिला वेळ लागतो, एकेक शब्द ओढून आणावा लागतो. मधेच कोणी तिचं वाक्य पूर्ण केलं तर ती शिवी देते. ती मात्र एका दमात येते.

त्या फोननंतर सुनंदा मला म्हणाली, "जा. आन् या वेळी तोंड उघडजो."

मंजू म्हणाली, "मी... पन."

सोमवारी आम्ही दोघं पोचलो. अंगणात पंधरावीस माणसं पुजाऱ्याची वाट बघत बसलेली. शंकरभाऊ म्हातारा झालाय, पण मला बघून त्याचा चेहरा खुलला. "आला रे आला, उपायवाला आला! पाहा पोट्टी, नागपूरले कॉलेज शिकून राह्यली!" लोक मंजूकडे कौतुकाने बघू लागले. पाळण्यात लक्ष्मी होती. मांड्यांपासून घोट्यापर्यंत कामट्या. आवाज बसलेला. पाळण्याजवळ तिची आई कविता उभी. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला.

मी गाठीला हात घातला. भावाने माझं मनगट धरलं.

"घाईनं नोको सोडू, मधू. गार व्हाचं हाये अजून."

माझंच वाक्य, माझ्याच आवाजासारखं. मला वाटलं होतं की मी भाषण करीन. बसमध्ये जुळवलंही होतं. पण जे निघालं ते असं: "हा उपाय नाई. मी पोरीले जाळली होती. सायत्राबाईनं काई केलं नव्हतं. पोट्टीचा जीव अडकला होता, तिनं फुकून वाचवला. पुजाऱ्याले मीच तिचं नाव सांगतलं."

कोणीतरी मागून म्हणालं, "अबे, मंग पोट्टी सुधरली कशी?"

"दा-ख-व," मंजू म्हणाली.

मला कळेना. तिने एका दमातली ती शिवी मला दिली आणि पुन्हा म्हणाली, "पाय. दाखव."

मी तिची सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, पाय उचलून मागची बाजू फिरवली. इतक्या वर्षांनीही ती कातडी चकचकीत आहे, कांद्याच्या पातीसारखी पातळ. सगळे थांबले. कोणी तिचं वाक्य पुरं केलं नाही, कारण ती काय म्हणणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ह्याच्या-मुळं... नाई. हे... असून."

शंकरभाऊने माझ्या कानाखाली वाजवली. मग दुसरी. "आता सांगतं? आता? त्या बाईचा हात मोडला तवा कुठी गेलता तू? म्या मारलं ना तिले! तुह्या पोरीसाठी मारलं!" त्याने मला बांबूच्या ढिगावर लोटलं आणि वर बसून मारत राहिला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मार खाण्यात मजा राहत नाही. पण त्याचा शब्द एकही खोटा नव्हता, म्हणून मी हात वर केला नाही. तो मारता मारता रडत होता, आणि माझ्या नाकातलं रक्त त्याच्या सदऱ्यावर उडत होतं. गलक्याने मंजूचं अंग ताठून ती खुर्चीतून घसरायला लागली तेव्हा दोन बाया धावल्या. पुजारी मोटारसायकलवरून आला, दोन भावांची जुंपलेली पाहिली, म्हणाला, "आज योग नाई," आणि गाडी वळवून गेला.

या सगळ्या गोंधळात कविताने काय केलं ते कुणी पाहिलं नाही. तिने गाठी सोडल्या होत्या. लक्ष्मीला घेऊन ती माझ्यासमोर आली.

"काकाजी, हिले कशी धरू?"

नाक पुसून मी लक्ष्मीला घेतलं. फळीसारखी होती. कमरेत हलकेच वाकवलं आणि थांबलो.  शंकरभाऊ बांबूंवर बसून धापा टाकत बघत होता. "करत काऊन नाई काई?" तो म्हणाला. मंजू म्हणाली, "थांब... मोठेबाबा." बराच वेळ गेला. मग तिचा एक गुडघा सैल पडला, मग दुसरा. मी तिला कविताच्या कडेवर बसवलं, एक पाय पुढे, एक पाय मागे. दुसऱ्याच दिवशी त्या मायलेकी आमच्यासोबत नागपूरला आल्या. लक्ष्मी चालेल असं मी म्हणणार नाही. कातडी मात्र शाबूत राहील.

मी उपायाबद्दल विचारत त्या तीन घरीही गेलो. दोन पोरं भेटली. तिसऱ्या घरी पोर उरलेलं नव्हतं. तापाने गेलं म्हणाले. ताप कशाने आला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्या माउलीने मला चहा दिला, उपायवाला म्हणून.

आता मी महिन्यातून दोनदा जातो. नागपुरात मला विचारतात, तुमचं घर कुठे? पूर्वी मी चटकन खोलीचा पत्ता सांगायचो, गाव सुटलं म्हणायचो. सुटलं कुठे? मी इथे खोल्या बदलत राहिलो आणि तिथे माझं नाव घर करून राहिलं, पोरांचे पाय बांधत. जिथे आपल्या हातचं वाईट अजून चालू आहे ते आपलं घर, कितीही लांब जा. तिथे जाऊन झाडून काढावं लागतं, आणि केर काढणाऱ्याचा मान काही मोठा नसतो.

मिरचीच्या तोडीला गेलेल्यांनो, एक काम तुमच्याकडे. सिरोंच्याच्या पलीकडे कुठे उजवा हात वाकडा असलेली म्हातारी दिसली, तर ती सायत्राबाई आहे का विचारा. माझा निरोप सांगू नका, मला तोंड नाही. एवढंच सांगा की तिने जिला फुंकर घातली ती पोरगी तिला भेटायला येते म्हणते. खुर्ची ढकलायला मी लागेन. बाईने दार उघडलं तर मंजू आत जाईल. मी बाहेर थांबेन.